उजव्या कानाची खूण

पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली आणि दत्तरावांनी कीबोर्डवरचे हात पटकन मांडीवर घेतले. ॲक्सेस डिनाइड. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस; अर्थ लावायला वेळ लागायचं कारण नव्हतं. मनाई. त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग ते खुर्चीतच थोडे मागं सरकले, एस.टी.त दुसऱ्यानं रुमाल टाकून धरलेल्या जागेवर चुकून बसलेला माणूस सरकतो तसे. घर त्यांचं, खोली त्यांची, टेबल त्यांनीच सुताराजवळ उभं राहून करून घेतलेलं, आणि तरी त्या ओळीनं त्यांना विचारल्यासारखं झालं, की तुम्ही कोण? असं कुणी विचारलं की उत्तर तयार नसायचं, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी तीच बटणं पुन्हा दाबली, या वेळी जरा हळू, अदबीनं दाबल्यानं काम होईल अशा आशेनं. आतली चकती घरघरली, क्षणभर थांबली, आणि तीच ओळ पुन्हा आली.

संगणक जावयाचा. भगवानरावांनी औरंगाबादला नवा घेतला आणि हा जुना, मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड आत बसवून, सासऱ्यांकडं परभणीला पाठवून दिला. जिंतूर रोडवरच्या त्या वस्तीत दुसऱ्या कुणाच्या घरी संगणक नव्हता, त्यामुळं पहिले काही दिवस माणसं तो बघायला येत, चपला बाहेर काढून आत येत आणि देवघरात बोलावं तसं हळू बोलत. धूळ बसू नये म्हणून दत्तरावांच्या पत्नी कासाबाईंनी त्याला घोंगडीचा तुकडा पांघरायला दिला होता. चारठाण्याहून आलेला चुलतभाऊ सिताराम ते बघून हसला होता. आपण मेंढरं राखणारी माणसं, घोंगडी माणसाला कमी पडायली आन् ह्या डब्याला थंडी वाजायली व्हय, असं तो म्हणाला, आणि वर, दत्ता, तू मेंढरं सोडून नुसते त्यांचे कान घेऊन बसलास, असंही म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. दत्तराव कानांवरच लिहीत होते. मेंढरं पाळणाऱ्या घराण्यांच्या कानखुणा: कुणाचा कान टोकाशी कापलेला, कुणाचा मधोमध चिरलेला, कुणाला खालच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच. औरंगाबादच्या एका संपादकांनी मराठवाड्यातल्या लोकजीवनावर ग्रंथ काढायचा घाट घातला होता, आणि कुणीतरी त्यांना दत्तरावांचं नाव सुचवलं होतं. कुणी सुचवलं, हे दत्तरावांना अजून कोडंच होतं. ग्रंथ उद्या छापायला जाणार. चार दिवस माहेरपणाला आलेली कमल दुपारच्या बसनं परत निघणार, आणि जाताना लेखाची फ्लॉपी पर्समध्ये घालून नेणार. आता ती मैत्रिणीकडं गेली होती. जाताना तिनं विचारलं होतं, झालं का अण्णा, आणि दत्तराव म्हणाले होते, झालंच म्हण.

झालं होतंही. सकाळपासून त्यांनी शेवटचा भाग लिहिला होता, बापाचा. महिनाभर तो भाग त्यांना लिहिता येत नव्हता. बाकीच्या घराण्यांबद्दल लिहिताना पेन चालायचं, आपल्या बापाशी आलं की थांबायचं. आपलंच घर ग्रंथात घालणारे आपण कोण, असं वाटायचं. आज मात्र एकदा बोटं सुरू झाली ती थांबलीच नाहीत. बापाचे काळे, भेगा पडलेले अंगठे, कोकराचा कान धरायच्या आधी त्याच्या तोंडापाशी नेलेली मूठभर बाभळीची शेंग, कापल्यावर लगेच दाबून बसवलेली राख आणि हळद, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं होतं. आणि ते सगळं आता फक्त पडद्यावर होतं. चकतीवर त्यातलं अक्षरही उतरलेलं नव्हतं. लाईट गेली की संपलं. आणि परभणीत दुपारची लाईट कधी जाईल हे कुणाला सांगता येत होतं? डोक्यावरचा पंखा मध्येच मंदावायचा, मध्येच जोर धरायचा, आणि दत्तराव दर वेळी मान वर करून त्याच्याकडं बघायचे.

त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरोबरच आहे. हा भाग नको होता, हे यंत्राला कळलं. हा विचार वेडगळ आहे हे त्यांना समजत होतं, पण त्यानं छातीत जे जड झालं ते खरं होतं. ते जडपण ओळखीचं होतं. जिंतूरच्या शाळेतलं. निजामाचा अंमल, शाळा उर्दूतून, आणि वर्गाच्या उंबऱ्यावर उभं राहून इजाजत मागायची पद्धत. बाकीची मुलं म्हणून टाकायची आणि आत शिरायची. दत्ताच्या घशातून आवाज निघायचा नाही. तो उंबऱ्यावर उभा राहायचा, अंगाला मेंढरांचा वास येत असेल या धास्तीनं श्वासही बेतानं घ्यायचा, आणि उस्तादांचं लक्ष जाईपर्यंत तिथंच राहायचा. कधी कधी त्यांचं लक्ष तास संपल्यावरच जायचं. आत चाललेला धडा त्यानं बाहेरून पाठ केला. पुढं मास्तर झाले, हेडमास्तरांच्या खोलीत, तहसीलमध्ये, बँकेत गेले, पण दारात थांबून खाकरायची सवय गेली नाही. कासाबाई म्हणायच्या, हे स्वतःच्या घरात बी खाकरून येतेत, जशी काय मी परपुरुषाच्या घरात भाकरी थापायले.

त्या आत्ता हात पुसत आल्याच. दत्तरावांचा चेहरा बघून त्यांनी पडद्याकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा चांगला वाचता यायचा.

"काय म्हणायलंय ते?"

"मनाई हाय म्हणायलंय. लिहिलेलं ठेवून घेईना."

"कुणाला मनाई?"

"मला."

"तुमाला? ते वळखतंय व्हय तुमाला?" कासाबाईंनी पदरानं टेबलाची कड पुसली. "मला वाटलं, त्याला कुणी बी बसलं तरी सारखंच. परवा सितारामभावजींनी बटण दाबलं तवा बी बोंबललंच की ते."

त्या आत निघून गेल्या. तव्यावर भाकरी होती. मग दत्तरावांना जाणवलं, की आपण श्वास बेतानं घेतोय. ते त्यांनी थांबवलं. ते वळखतंय व्हय तुमाला. जावयानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं: अण्णा, याला माणूस कळत नाही, समोर कोण बसलंय याचा हे विचारच करत नाही, ऑफिसातल्या मोठ्या यंत्रांना नाव सांगून आत जावं लागतं, पण ह्याला नाही. त्यांनी तेव्हा मान हलवली होती आणि विसरून गेले होते. मग नकार मला नसेल, तर कुणाला? वर्गात एखाद्या पोराला व्याकरण अडलं की ते त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर न्यायचे. स्वतःला न्यायला काय हरकत होती? ते खुर्ची पुढं ओढून बसले. यंत्र काहीच ठेवून घेत नाही, की हाच लेख ठेवून घेत नाही, हे आधी बघायला हवं. लेखातला एकच शब्द त्यांनी वेगळा काढला, बाभळ, आणि तो नव्या नावाच्या फायलीत ठेवायला सांगितला. चकती घरघरली. काही तक्रार न करता तिनं तो शब्द घेतला. त्यांनी यादी काढून पाहिली. नवी फाइल यादीच्या शेवटी होती, कालच जन्मलेल्या कोकरासारखी, सगळ्यांच्या मागं. मग त्यांनी लेख पुन्हा त्याच्या जुन्या नावानं ठेवून पाहिला. मनाई. म्हणजे जी फाइल आज सकाळी होती ती अडवत होती. सकाळनंतर जन्मलेली अडवत नव्हती. सकाळी काय झालं होतं?

आणि ते त्यांना आठवलं, एकदम, अंगावर कुणी पाणी टाकावं तसं. सकाळी लेख उघडल्यावर, पहिलं अक्षर टाइप करायच्या आधी, त्यांनी कान कापले होते. सगळ्यांचे.

चूक दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. जावयानं मागं फोनवर एक हुकूम सांगितला होता. काम पुरं झालेल्या फायलीवर खूण करून ठेवता येते. मग ती वाचता येते, पण कुणाला बदलता किंवा पुसता येत नाही, चुकून भलतं बटण दाबलं तरी. ॲट्रिब, अधिक, आर, आणि पुढं त्या फायलीचं नाव. पुरं झालेल्या, यावर भगवानरावांनी जोर दिला होता. पण दत्तराव मेंढपाळाच्या पोटी जन्मले होते. खूण म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं एकटं कोकरू आलंच नाही. खूण कळपाला करायची असते. घर सोडून लांब चरायला निघायच्या सकाळी वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, उघडायच्या आधी बाप सगळी कोकरं एका बाजूला घ्यायचा आणि एकामागून एक कान करत सुटायचा. एकालाही तसंच बाहेर पडू द्यायचं नाही. बिनखुणेचं कोकरू तळ्यावर दुसऱ्याच्या कळपात मिसळलं की त्याचंच झालं. आईनं मध्येच भाकरी खायला बोलावलं तरी बाप उठायचा नाही. निघायच्या आधी सगळे. आज बापावर लिहायला निघायचं म्हणून दत्तरावांनी न कळत तेच केलं होतं. जावयानं शिकवलेला हुकूम त्यांनी एका नावाला न देता तारा, टिंब, तारा घालून दिला होता, सगळ्यांना. पुरा झालेला, अर्धा राहिलेला, समोर उघडा पडलेला, सगळा कळप. आणि मग ते बापाच्या मागं इतके लांब गेले, की आपल्या हातानं केलेली खूण विसरून, तीच खूण आडवी आल्यावर, परक्याच्या दारात उभं राहिल्यासारखे घाबरले.

ते हसले. एकटेच, जरा मोठ्यानं. आतून कासाबाईंनी, कोण आलंय, म्हणून विचारलं.

आता सुटायचा सोपा रस्ता होता. नव्या नावाला अडचण नव्हतीच. बाभळीचा एक शब्द जसा ठेवला तसा सगळा लेख दुसऱ्याच नावानं ठेवला, की काम झालं. बोटं त्या बटणाकडं गेलीही, आणि तिथंच थांबली. पंखा मंदावला होता. शहाण्या माणसानं आधी तेवढं करून घेतलं असतं. पण त्या यंत्रापुढं बसलेला माणूस आधीच एकदा दुसऱ्या नावानं सुटलेला होता. शाळेत नाव घालायच्या दिवशी उस्तादांनी विचारलं, बाप का नाम? दत्ता म्हणाला, येडबा. वर्ग हसला. उस्ताद वाईट नव्हते, त्यांनी दौतीत बोरू बुडवला आणि म्हणाले, "ये बी कोई नाम हुआ क्या? यादवराव लिखते हैं." बाप दाराबाहेर उभा होता, खांद्यावर घोंगडी, मागं कुत्रं. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून काळाचा डोळा पडू नये असं हे नाव त्याच्या आईनं ठेवलेलं, आणि त्या नावानं तो जगला होता. त्यानं उस्तादांचं म्हणणं ऐकलं, राग मानला नाही. "लिवा काय बी, सायब," तो म्हणाला, आणि दत्ताचा उजवा कान दोन बोटांत धरून हळूच ओढला. "कान तर माझाच हाय." तेव्हापासून ते दत्तराव यादवराव. नोकरीत, पगारात, पेन्शनीत, लग्नपत्रिकेत. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही, आणि येडबा हे नाव फक्त चारठाण्याच्या वाटेवर, म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलं. लेखातही त्यांनी आज सकाळी तसंच केलं होतं. बापाचे अंगठे लिहिले, राख लिहिली, हळद लिहिली. नाव मात्र लिहिलं नव्हतं. एक जुने मेंढपाळ, असं लिहून पुढं गेले होते. लेखकाचं नावही त्यांनी घातलं नव्हतं. संपादकांना वाटेल ते टाकतील, असं ठरवलं होतं.

संक्रांतीला त्यांच्या शाळेतल्या जुन्या सहकारी सगुणाबाई पेढे घेऊन आल्या होत्या. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं त्या दिवशी. त्यांचा मुलगा तिथं शिकत होता. त्या नेहमी मोजकं बोलत. आंदोलनाच्या सगळ्या वर्षांत, घरावर दगड आले तेव्हासुद्धा, दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन हजेरी घेणाऱ्या बाई. पेढा हातावर ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सर, पोराला पत्र लिहिलं आज. पत्ता घालताना ते नाव लिहिलं, आणि पुन्हा पुन्हा पाहत बसले. आत काय लिहायचं तेच सुचेना." त्या गेल्यावर दत्तराव बराच वेळ पेढा हातात धरून बसले होते. नाव लिहून ते बघत बसणं ही काय गोष्ट असते, हे आपल्याला माहीत नाही, असं त्यांना वाटलं होतं. आपण तर लिहायचं टाळत आलो.

दुसऱ्या नावानं नको. कान आपणच केलाय, आपणच सोडवू. लिहिता लिहिता मध्येच यंत्राला हुकूम द्यायची जी सोय होती, ती त्यांनी उघडली. पडद्यावरचा लेख बाजूला झाला आणि काळ्या पाटीवर छोटी रेघ लुकलुकू लागली. लेख परत येईल ना, असं वाटलं, पण सकाळी खूण करतानाही असाच गेला आणि परत आला होता, हे त्यांनी स्वतःला सांगितलं. ॲट्रिब. मग अधिकच्या जागी वजा. वजा, आर. तारा, टिंब, तारा. बापाला हे करता आलं नसतं, असं त्यांच्या मनात आलं; कापलेला कान पुन्हा भरत नाही. म्हणून तर लेक सासरी जाताना दिलेल्या मेंढराचा उजवा कान बापाच्या खुणेचा असायचा आणि डावा मोकळा ठेवायचा, सासरच्यांनी तिथं त्यांची खूण करावी म्हणून. दोन कान बघून कळायचं, कुणाची लेक कुणाच्या घरात आली. उजवा कुणी पुसत नव्हतं. त्यांनी बटण दाबलं. यंत्र काही बोललं नाही. हुकूम मानला की ते गप्पच बसायचं. लेख पडद्यावर परत आला, बापाच्या हळदीसकट. दत्तरावांनी तो ठेवून घ्यायला सांगितलं. चकती घरघरली, आणि या वेळी नुसती घरघरत राहिली, पोटभर चरून आलेलं जनावर रवंथ करत बसावं तशी. तळाची ओळ कोरी होती.

ते लगेच उठले नाहीत. लेखात मागं गेले आणि जिथं एक जुने मेंढपाळ असं होतं तिथं थांबले. ते खोडलं. त्या जागी लिहिलं: माझे वडील येडबा. अक्षरं पडद्यावर उमटली, हिरवी, स्वच्छ, जरा मोठी वाटली. कुणी हसलं नाही. मग ते शेवटाला आले आणि लेखाखाली लिहिलं, दत्तराव येडबा, आणि त्याच्या शेजारी, चारठाणेकर. हे चारठाणेकर त्यांनी त्याच क्षणी घेतलं. तेवढी ऐट आज चालेल असं त्यांना वाटलं. आणि ते बघत बसले. सगुणाबाई काय म्हणत होत्या ते त्यांना आत्ता कळलं.

कमल आली तेव्हा लेख फ्लॉपीवर उतरून झाला होता. तिनं कानातलं नवं घेतलं होतं, ते आईला दाखवता दाखवता ती खोलीत आली, आणि अण्णा काय खुशीत हायत, म्हणाली. दत्तरावांनी तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट, आणि सांगताना एकदाही आवाज खाली गेला नाही. ती हसून हसून खाली बसली. मग पडद्यावरचं शेवटचं नाव वाचून थांबली. "आजोबांचं नाव मी लिहिलेलं कधी बघितलंच न्हवतं," ती म्हणाली, आणि ओढणीनं उगीचच पडद्याची काच पुसली.

"थांब," दत्तराव म्हणाले. "लेक निघाली. तिच्यासंगं जाणाऱ्याचा कान राहिलाय."

त्यांनी या वेळी तारा घातल्या नाहीत. फ्लॉपीवरच्या त्या एकाच, काम पुरं झालेल्या फायलीचं नाव घातलं, आणि अधिक, आर. मग त्यांच्या मनात एक धाडस आलं. त्यांनी तीच फाइल पुसायचा हुकूम लिहिला. अण्णा, काय करायलात, म्हणून कमल पुढं झाली, पण त्यांनी हातानं तिला थोपवलं आणि बटण दाबलं. तिथं कासाबाईही भाकरीचं फडकं हातात घेऊन येऊन उभ्या होत्या. तिघांनी पडद्याकडं पाहिलं. फ्लॉपीनं एक घोगरा आवाज काढला आणि तळाशी तीच ओळ आली, मघाचीच.

"आता काय म्हणायलंय?" कासाबाईंनी विचारलं.

"न्हाई म्हणायलंय. मला."

"पुन्यांदा?"

"हाव," दत्तराव म्हणाले. पंखा थांबला, लाईट गेली, पडदा विझला, आणि ते फ्लॉपी काढून लेकीच्या हातात ठेवत ताठ उभे राहिले. "न्हाई म्हणाया मीच सांगितलंय त्याला."